बांधकाम साइटवर कामगारांचे कान वाचवायचे कसे: नव्या सुपरवायझरसाठी पायरी-पायरीने

साइटवरच्या सुरक्षेची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर आली की आपण हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, मचाणाचे कठडे, उघड्या वायरी इथून सुरुवात करतो. ते बरोबरच आहे. पण उंचावरून पडलेला माणूस सगळ्यांना दिसतो, कान गेलेला माणूस कोणालाच दिसत नाही. रक्त येत नाही, बहुतेक वेळा दुखतही नाही, कामावर खाडा होत नाही. काही वर्षांनी तोच गवंडी घरी टीव्हीचा आवाज वाढवायला लागतो, चारचौघांत गप्प बसायला लागतो. तोवर गेलेलं परत आणणं कोणाच्याच हातात राहिलेलं नसतं.

मी साइटवर ही व्यवस्था शून्यापासून बसवली आहे. बहुतेक ठिकाणी ‘कानांची सुरक्षा’ म्हणजे इअरप्लगचं खोकं स्टोअरमध्ये आणून ठेवणं, एवढीच समजूत असते. प्लग लागतातच. पण त्यांची पाळी शेवटी येते. त्याआधी आवाज कुठून येतो, किती वेळ येतो आणि तो मुळातच कमी करता येईल का, हे बघायचं असतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. घाई असली तरी क्रम बदलू नका.

आधी एवढं समजून घ्या

आतल्या कानात, शंखासारख्या वळणाच्या भागात, ध्वनी टिपणाऱ्या रोमपेशी असतात. एका कानात साधारण 15 ते 16 हजार. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात, मग मरतात. माणसाच्या कानात मेलेली रोमपेशी पुन्हा तयार होत नाही, त्यामुळे या बहिरेपणावर औषध नाही. श्रवणयंत्राने आवाज मोठा होतो, पण गेलेली स्पष्टता पूर्ण परत येत नाही.

आवाजाचा मार पहिल्यांदा बसतो तो 3000 ते 6000 हर्ट्झच्या पट्ट्यावर, विशेषतः 4000 च्या आसपास. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजनं ओळखू येतात ती याच बारीक, वरच्या आवाजांमुळे. स्वर मात्र खालच्या पट्ट्यात राहतात, म्हणून माणूस म्हणतो, “ऐकू येतं, पण काय म्हणालात ते कळत नाही.” साइटवर याचा अर्थ काय होतो? वॉकीटॉकीवर कोणी “साठ” म्हणालं आणि त्यातला ‘स’ ऐकूच आला नाही, तर उरतं “आठ”. माप असो, क्रेनचा इशारा असो, चूक तिथेच होते.

दुसरी गोष्ट डेसिबलची. ही मोजपट्टी साधी बेरजेची नाही. 3 डेसिबल वाढले की कानावर येणारी ध्वनिऊर्जा दुप्पट होते, 10 वाढले की दहापट. कानाला मात्र 3 चा फरक जेमतेम जाणवतो. म्हणून “थोडासाच जास्त आहे” हे कानाने ठरवू नका.

काय काय लागेल

साधनांत: ध्वनिपातळी मीटर (अचूकतेत किमान वर्ग 2 चा) आणि त्याचा कॅलिब्रेटर, म्हणजे ठरावीक आवाज देऊन मीटर तपासायचं साधन, जमल्यास खांद्यावर लावायचा, पाळीभराचा आवाज मोजत राहणारा नॉइज डोसीमीटर, मोजपट्टी, पिवळे-निळे सूचना फलक, दोन-तीन प्रकारचे प्लग आणि मफ (पूर्ण कान झाकणाऱ्या वाट्या), नमुन्यापुरते.

कागदांत: साइटवरच्या सगळ्या मशीनची यादी, भाड्याने आलेलीही, प्रत्येक मशीनचं माहितीपुस्तक, आवाज मोजणीची वही, प्रत्येक कामगाराची श्रवण चाचणी फाइल, प्लग-मफ वाटपाची वही, प्रशिक्षणाची हजेरी, आणि तुमच्या इथे लागू असलेला कायदा, मूळ मजकुरासह. कायद्याचा मजकूर स्वतः वाचा, कोणाच्या तोंडून ऐकून घेऊ नका.

पायरी 1: साइटवर फिरा आणि आवाजाची यादी करा

मीटर हातात घेण्याआधी नुसते फिरा. सकाळी, दुपारी आणि स्लॅब भरण्याच्या दिवशी, अशा वेगवेगळ्या वेळी. बांधकाम साइटचा आवाज कारखान्यासारखा एकसारखा नसतो. आज खोदकाम, महिन्याने शटरिंग, मग फोडकाम आणि फरशी कटाई. म्हणून ही यादी एकदा करून संपत नाही. कामाचा टप्पा बदलला की ती नव्याने करायची.

मीटर नसेल तेव्हाची ढोबळ खूण: हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तिथली पातळी 85 डेसिबलच्या वर आहे असं धरून चाला. कामगारांना दोन प्रश्न विचारा: संध्याकाळी कान दडे बसल्यासारखे होतात का? रात्री कानात शीळ किंवा गुणगुण ऐकू येते का? यातलं एक जरी ‘हो’ असेल, तर त्या माणसाचं काम यादीत सगळ्यात वर लिहा. सकाळपर्यंत कान मोकळे होतात म्हणून लोक हे सांगतही नाहीत. पण कानावर जास्तीचा भार आल्याची पहिली खूण तीच.

यादीत फक्त मशीन चालवणाऱ्याचं नाव लिहून थांबू नका. ब्रेकरवाल्याच्या बाजूला मलबा भरणारे, ग्राइंडरजवळ सळई धरून उभा असलेला मदतनीस, जनरेटरशेजारी बसलेला पहारेकरी यांना तोच आवाज लागतो. संरक्षण मात्र बहुतेक वेळा एकट्या ऑपरेटरला मिळतं.

पायरी 2: मोजा, पण नीट मोजा

मीटर ‘ए’ वेटिंगवर (माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं मोजणारी सेटिंग) आणि ‘स्लो’ वर (आकडा सावकाश बदलणारी सेटिंग) ठेवा. मोजणीच्या आधी आणि नंतर कॅलिब्रेटर लावून तपासा. बहुतेक कॅलिब्रेटर 1000 हर्ट्झला 94 डेसिबल देतात. मीटर कामगाराच्या कानाच्या उंचीवर, कानाजवळ धरा. मशीनच्या तोंडाशी किंवा स्वतःच्या छातीशी नको. काम चालू असताना पूर्ण एक फेरी होऊ द्या आणि सरासरी पातळी घ्या. आकडा वर-खाली नाचत असताना मधलाच एखादा उचलून लिहिला तर तो काही कामाचा नाही.

अंदाज यावा म्हणून सांगतो: काँक्रीट फोडणारा ब्रेकर ऑपरेटरच्या कानाशी 100 ते 110 च्या घरात जातो, अँगल ग्राइंडर आणि गोल करवत 95 ते 105 च्या आसपास. पण हे आकडे तुमच्या वहीत उतरवू नका. तोच ग्राइंडर मोकळ्यावर आणि तोच बंद जिन्यात, फरक मोठा पडतो.

इथले सापळे:

- *मोबाइल ॲप.* अमेरिकेच्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेचं आयफोनसाठी मोफत ॲप आहे आणि ढोबळ पाहणीला ते चांगलं आहे. पण कोणतंही ॲप, कोणत्याही फोनवर, नोंदीसाठी वापरू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो.
- *ठोक्याचा आवाज.* खिळे मारायची गन, काडतुसाने चालणारी हत्यारं, पाइल ठोकणं, सुरुंग यांत क्षणाचा ठोका असतो. सरासरीत तो लपतो. त्यासाठी मीटरच्या ‘सी’ वेटिंग या दुसऱ्या सेटिंगवरचं शिखरमूल्य, म्हणजे त्या क्षणाचा सगळ्यात वरचा आकडा, मोजावं लागतं. 140 डेसिबलचं शिखर उघड्या कानावर कधीच येता कामा नये.
- *मशीनवरची पट्टी.* जनरेटर, कॉम्प्रेसरवर एल-डब्ल्यू-ए अशी अक्षरं आणि पुढे आकडा असतो. तो मशीन एकूण किती ध्वनी बाहेर टाकतं त्याचा आहे, तुमच्या कानाशी किती पोचतो त्याचा नाही. दोन मशीनची तुलना करायला तो उत्तम, मोजणीच्या जागी चालत नाही.

पायरी 3: वेळ धरून हिशेब करा

कानाचं नुकसान पातळी आणि वेळ या दोन्हींवर ठरतं. नायोशची शिफारस 8 तासांच्या पाळीला 85 डेसिबल अशी आहे, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा:

85 ला 8 तास
88 ला 4 तास
91 ला 2 तास
94 ला 1 तास
97 ला 30 मिनिटं
100 ला 15 मिनिटं
103 ला साडेसात मिनिटं

कायद्यातले आकडे देशोदेशी वेगळे आहेत. युरोपीय संघाच्या नियमांत 80 ला माहिती आणि संरक्षण उपलब्ध करून देणं, 85 ला ते वापरणं सक्तीचं आणि 87 ही कानापर्यंत पोचणारी अंतिम मर्यादा आहे. अमेरिकेत कायद्याची मर्यादा 90 आहे आणि दर 5 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे नायोशपेक्षा बरीच सैल. तुमच्या कायद्याने सैल आकडा दिला असला तरी साइटवर 85 आणि 3 चाच हिशेब धरा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कायद्याची मर्यादा ही शिक्षेची रेषा आहे. कान त्याच्या आधीपासूनच झिजत असतो.

एक उदाहरण पुरं करू. शटरिंगचा सुतार दिवसात 1 तास गोल करवत चालवतो (97), 2 तास व्हायब्रेटरजवळ असतो (91), बाकी 5 तास साधारण 80 मध्ये. करवतीला परवानगी 30 मिनिटांची, वापर 60 चा, म्हणजे 200 टक्के. व्हायब्रेटरचे 100 टक्के. उरलेल्या पाच तासांचे सुमारे 20. एकूण 320 टक्के. म्हणजे त्याच्या कानाने दिवसभरात तीन दिवसांहून जास्तीचा आवाज घेतला. आठ तास सलग 90 मध्ये उभं राहण्याइतकं ते झालं.

आता नीट बघा: या भारातला जवळजवळ दोन तृतीयांश वाटा त्या एका तासाच्या करवतीचा आहे. हाच हिशेब तुम्हाला पैसे आणि मेहनत कुठे घालायची ते सांगतो. पाच तासांची कुरकुर सोडा, आधी करवत धरा.

पायरी 4: आवाज मुळाशी कमी करा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

फोडायची वेळच येऊ देऊ नका. साइटवर ब्रेकरचं बरंचसं काम हे नियोजन चुकल्याचं काम असतं. स्लॅबमध्ये पाइपसाठी स्लीव्ह ठेवली नाही, मग भोक पाडा. भिंतीत वायरिंगची जागा ठरली नाही, मग झिरी मारा. कॉलम रेषेबाहेर गेला, मग तासा. स्लॅब भरण्याच्या आधी प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि शटरिंगचा मुकादम यांना एकत्र उभं करून स्लीव्ह आणि बॉक्स तपासून घ्या. त्या अर्ध्या तासात पुढचे कित्येक दिवसांचे ब्रेकर वाचतात. हे करायला एकही यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

फोडावंच लागलं तर पद्धत बदला. भोकासाठी ब्रेकरऐवजी पाण्यावर चालणारी कोअर कटिंग मशीन. मोठा भाग काढायचा तर हायड्रॉलिक जबड्याचा क्रशर, किंवा भोकं पाडून त्यात फुगणारं रसायन भरणं; ते काँक्रीटला सावकाश तडे देतं. पाइल ठोकण्याऐवजी दाबून बसवणं किंवा ड्रिल करून भरणं, माती जिथे परवानगी देईल तिथे.

सळई कापायला ग्राइंडर नको. बार कटिंग मशीन सळई कातरते, ग्राइंडर घासून कापतो. आवाजातला फरक बाजूला उभं राहिलं तरी कळतो, शिवाय ठिणग्या नाहीत. शक्य असेल तर कापून-वाकवून तयार आलेली सळईच मागवा.

व्हायब्रेटर. सुई सळईला किंवा शटरिंगच्या प्लेटला टेकली की घरघर एकदम खडखडाटात बदलते. सुई काँक्रीटमध्ये सरळ उभी, सळईपासून बाजूला राहायला हवी. काँक्रीटच्या दर्जालाही तेच चांगलं, त्यामुळे ऑपरेटरला पटतं. दाट सळईच्या ठिकाणी आपोआप बसणारं काँक्रीट वापरलं तर व्हायब्रेटर जवळपास लागतच नाही.

हातोडे आणि फेकाफेकी. शटरिंग सोडताना लोखंडी प्लेटवर लोखंडी हातोडा, वरून खाली टाकलेले पाइप, ट्रकमधून ओतलेल्या सळया. यांत एकही मशीन नाही, म्हणून हे यादीतून सुटतं. नायलॉन किंवा रबरी तोंडाचा हातोडा, माल फेकण्याऐवजी दोरीने किंवा हॉइस्टने उतरवणं, मलब्याच्या नळीला आतून रबर. खर्च थोडा, फरक लगेच.

देखभाल. बोथट ब्लेड जास्त ओरडतं आणि जास्त वेळही घेतं, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. ढिले झालेले पत्रे, गळणारा हवेचा पाइप, फुटलेला सायलेन्सर, घासलेलं बेअरिंग यांची आठवड्याची तपासणी लावा. कॉम्प्रेसर किंवा जनरेटर झाकण उघडं ठेवून चालवलेला दिसला तर तिथल्या तिथे थांबवा. “गरम होतो म्हणून उघडा ठेवलाय” हे कारण मिळेल. मग कूलिंग दुरुस्त करा, कारण ध्वनीरोधक झाकण बंद असतानाच उपयोगी पडतं.

भाड्याने घेताना विचारा. मशीन ठरवताना दर, क्षमता आणि डिझेल विचारता, त्याच ओळीत आवाजाचा आकडाही विचारा आणि ऑर्डरमध्ये लिहून घ्या. ब्रेकरला सायलेन्सरचं आवरण, दाबून केलेल्या थरांचं कमी आवाजाचं डायमंड ब्लेड, बंद कॅनोपीचा जनरेटर हे सगळं मिळतं. मागितल्याशिवाय कोणी पाठवत नाही.

एक हिशेब लक्षात असू द्या. 95 ची दोन मशीन एकत्र चालली तर बेरीज 98 होते. 100 आणि 90 ची एकत्र चालली तर 100 च्या जेमतेम वर. म्हणजे सगळ्यात मोठा आवाज तसाच ठेवून बाकी दहा गोष्टी शांत केल्या तरी आकडा हलत नाही. सगळ्यात मोठा आवाज आधी.

पायरी 5: माणूस आणि आवाज यांच्यात अंतर पाडा

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल कमी होतात. जनरेटर कामाच्या जागेपासून 2 मीटरवरून 8 मीटरवर नेला, तर 12 डेसिबल नुसते जागा बदलून गेले. तो कोपऱ्यात किंवा दोन भिंतींमध्ये कोंबू नका. भिंती आवाज परत फेकतात. तळघरात अंतराचा हा फायदा जवळपास मिळत नाही. शिवाय बंद जागेत इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जमतो. तो जिवाला धोका तर आहेच, आणि आवाजाबरोबर तो कानाचं नुकसानही वाढवतो. इंजिनाची मशीन तळघरात नकोच.

आवाज आणि माणूस यांच्यामध्ये विटांचा थर, मातीचा ढीग, जाड प्लायचा आडोसा असा वजनदार, फटी नसलेला पडदा चालतो. हिरवी जाळी किंवा ताडपत्री आवाज अडवत नाही. आडोसा मशीनच्या किंवा माणसाच्या जितका जवळ, तितका उपयोगी.

वेळेचंही तसंच. फोडकाम अशा वेळी लावा जेव्हा त्या मजल्यावर दुसरं पथक नसेल. ऑपरेटरची पाळी वाटून द्या. वेळ निम्मा केला तर भार 3 डेसिबलने उतरतो. पण फार जोरदार आवाजात नुसती अदलाबदल करून भागत नाही. 106 च्या ब्रेकरवर चार मिनिटांतच दिवसाचा कोटा संपतो. तिथे माणसं बदलत राहिलं तर एकाऐवजी चौघांचे कान जातील.

विश्रांतीची जागा शांत हवी. पाणी प्यायला, जेवायला माणूस बसतो ती जागा जनरेटरशेजारी असेल, तर कानाला सावरायला दिवसभरात वेळच मिळत नाही.

पायरी 6: प्लग की मफ? नीट निवडा

वरचं सगळं करूनही 85 च्या वर उरलं, तर आता प्लग आणि मफ. दोन-तीन प्रकार ठेवा आणि कामगाराला निवडू द्या. कानाची नळी प्रत्येकाची वेगळी असते, काहींचे दोन कानही सारखे नसतात.

फोमचे प्लग दिवसभर घालायला सोपे, उन्हात बरे. पण ते घालायला शिकावं लागतं आणि हात स्वच्छ लागतात. दांडीला किंवा दोरीला लावलेले प्लग सारखं घालकाढ करणाऱ्यांना बरे. मफ घालायला सोपे, लांबून दिसतात, त्यामुळे देखरेख सोपी; पण घाम येतो आणि चष्म्याच्या दांडीने, दाढीने किंवा डोक्याला बांधलेल्या कापडाने फट पडली की संरक्षण झपाट्याने उतरतं. हेल्मेटवर बसणारे मफ त्याच हेल्मेटसाठी बनवलेले हवेत. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, तर प्लग देऊ नका. आधी डॉक्टर, तोवर आवाजाचं काम बंद.

पाकिटावरच्या आकड्याने फसू नका. तो प्रयोगशाळेत, शिकवलेल्या माणसांवर काढलेला असतो. साधन किती डेसिबल अडवतं ते सांगणारा एनआरआर हा आकडा असेल तर साइटसाठी एक सावध हिशेब वापरा: त्यातून 7 वजा करा आणि उरलेलं निम्मं करा. 33 चा प्लग म्हणजे हाती धरायचे 13 डेसिबल. 97 च्या कामावर 13 वजा करून 84 उरतात, चालेल. 105 च्या ब्रेकरवर 92 उरतात, चालणार नाही. तिथे प्लग आणि वर मफ दोन्ही. मात्र दोघांचे आकडे बेरजेत धरू नका. दुसऱ्यामुळे साधारण 5 डेसिबलचीच भर पडते.

उलटा सापळाही आहे. गरजेपेक्षा जास्त बंद करणारं साधन दिलं तर माणसाला मागे येणाऱ्या डंपरचा भोंगा किंवा “बाजूला हो” ही हाक ऐकू येत नाही. कानाशी 70 ते 80 उरले की पुरे. जिथे बोलणं आवश्यक आहे तिथे हाक आत येऊ देणारे आणि मोठा आवाज अडवणारे इलेक्ट्रॉनिक मफ वापरा. काहीही असो, हाताचे इशारे ठरवून सगळ्यांना शिकवा, आणि मागे येणाऱ्या गाडीसोबत इशारा देणारा माणूस ठेवाच.

कापसाचे बोळे चालत नाहीत. गाणी ऐकायचे इअरफोन चालत नाहीत, आवाज गाळणारे असले तरी. ते संरक्षणासाठी तपासलेले नसतात आणि आवाजावर मात करायला गाणं आणखी मोठं केलं जातं.

पायरी 7: घालायला हाताला धरून शिकवा

पाकीट वाटलं आणि सही घेतली, म्हणजे झालं असं समजू नका. साइटवर फिरताना बघा: अर्ध्याहून जास्त प्लग कानाच्या तोंडाशी नुसते अडकवलेले दिसतील. पिवळं टोक समोरून ठसठशीत दिसतंय म्हणजे तो आत गेलेलाच नाही.

टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या छोट्या सुरक्षा बैठकीत, एकेकाकडून हे करून घ्या:

1. हात धुवा. सिमेंट लागलेल्या बोटांनी प्लग वळला तर सिमेंटचा क्षार कानाच्या नळीत जातो आणि खाज, जळजळ, जखम होते. मग तो माणूस पुन्हा प्लग घालत नाही.
2. प्लग बोटांत फिरवत बारीक, सुरकुती न पडलेली वात करा. चेपायचा नाही, वळायचा.
3. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते. बहुतेक जण हेच गाळतात, आणि सगळा फरक इथेच पडतो.
4. वात पटकन आत सारा आणि बोटाच्या टोकाने 20 ते 30 सेकंद धरून ठेवा, तो फुगेपर्यंत.
5. तपासा. दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा. आवाज फारसा बदलला नाही तर प्लग बरोबर बसला आहे. तळव्यांनी आवाज बराच कमी झाला तर काढून पुन्हा घाला. स्वतःचं बोलणं घुमल्यासारखं, खोल वाटलं तरी ती चांगली खूण.

काढताना हळू, थोडा पिळत काढा. झटक्याने ओढला तर पडद्यावर ताण येतो.

शिकवताना वेळेचा हिशेब आवर्जून सांगा. 30 डेसिबल अडवणारं साधन आठ तासांपैकी फक्त अर्धा तास काढून ठेवलं, तर दिवसाचं खरं संरक्षण 12 डेसिबलवर येतं. फोन घ्यायला, मुकादमाशी बोलायला प्लग काढायचाच असेल, तर आधी आवाजापासून लांब जा, मग काढा. सुपरवायझर स्वतः उघड्या कानाने ब्रेकरजवळ उभा राहिला, तर हे सगळं शिकवणं वाया. दोन मिनिटांसाठी गेलात तरी घाला.

फोमचा मळलेला किंवा कडक झालेला प्लग फेकून द्या. पुन्हा वापरायचे प्लग साबण-पाण्याने धुवून वाळवा. मफच्या गाद्या कडक झाल्या, चिरल्या की बदला. पट्टा ताणून सैल केलेला मफ दिसला, तर तो टोचतोय म्हणूनच सैल केलेला असतो. ओरडू नका, दुसरा प्रकार द्या.

पायरी 8: श्रवण चाचणी, आणि ती माणसाच्या बाजूने वापरा

कामावर घेताना पहिली चाचणी, मग दर वर्षी. पहिली चाचणी हा पाया असतो, म्हणून तिच्या आधी किमान 14 तास कान मोठ्या आवाजापासून लांब असायला हवेत. पाळी संपवून थेट चाचणीला नेलं तर थकलेल्या कानाचा निकाल येतो, आणि पुढची प्रत्येक तुलना चुकते. आठवड्याच्या सुटीनंतर, कामावर जाण्याआधी, ही वेळ सगळ्यात चांगली. चाचणी शांत खोलीत किंवा बूथमध्ये हवी, साइट ऑफिसच्या पत्र्याच्या केबिनमध्ये नको. आधी कानात मळ आहे का ते डॉक्टरने बघावं.

तपासणी 500 ते 6000 हर्ट्झपर्यंत असते. आलेखात 4000 जवळ खड्डा दिसत असेल, तर आवाजामुळे नुकसान सुरू झाल्याची ती ओळखीची खूण. 2000, 3000 आणि 4000 या तिन्हींची सरासरी पहिल्या चाचणीपेक्षा 10 डेसिबलने खाली आली असेल, तर महिन्याभरात चाचणी पुन्हा करा. निकाल तोच आला तर त्या माणसाचं काम, प्लग आणि मशीन हे तिन्ही तपासा.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. कामगार चाचणीला घाबरतात. “कान खराब निघाला तर काढून टाकतील” ही भीती खोटी नाही, अनेकांनी ती सोसलेली आहे. म्हणून पहिल्याच दिवशी व्यवस्थापनाकडून लेखी घ्या की चाचणीच्या निकालावरून कोणालाही कामावरून काढलं जाणार नाही; काम बदललं तरी मजुरी कमी होणार नाही. हे मिळेपर्यंत चाचणी सुरू करू नका, कारण चाचणीत आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं, आणि घाबरलेले लोक ते अंदाजाने दाबतील आणि तुमच्या हाती खोटे निकाल येतील.

निकालाची प्रत कामगाराच्या हातात द्या, त्याला कळेल अशा भाषेत समजावून. ठेक्यावरचा माणूस सहा महिन्यांनी दुसऱ्या साइटवर असतो. तो कागद त्याच्याजवळ असला तरच पुढचा डॉक्टर तुलना करू शकतो, आणि भरपाई मागायची वेळ आली तर त्याच्या हातात काहीतरी पुरावा असतो.

चाचणीच्या वेळी दोन प्रश्न जोडा: थिनर, रंग, चिकटद्रव्यं यांच्याशी काम आहे का? टोल्युइन, झायलीन, स्टायरीन यांसारखी द्रावकं आणि शिसं हे आवाजाबरोबर कानाला जास्त इजा करतात. आणि क्षयासाठी किंवा मोठ्या जंतुसंसर्गासाठी इंजेक्शनं चालू आहेत का? त्यातली काही औषधं कानाला घातक असतात. अशा माणसाला मोठ्या आवाजापासून लांब ठेवा. औषध बंद करायला मात्र सांगू नका, ते डॉक्टर ठरवतील.

पायरी 9: रोजचं काम

सकाळच्या फेरीत या गोष्टी बघा: 85 च्या वरच्या जागेला फलक लागलाय का, प्लगचा डबा त्याच जागेच्या तोंडाशी आहे का (स्टोअरला कुलूप आणि चावी चौथ्या मजल्यावर, असं नको), मशीनची झाकणं बंद आहेत का, नव्याने आलेल्या माणसाला कोणी शिकवलंय का. नवा माणूस बहुतेक वेळा थेट ब्रेकरवर जातो, कारण ते काम कोणाला नको असतं. त्याला आधी पायरी 7.

मोजणीच्या वहीत तारीख, जागा, मशीन, आकडा, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात “काय बदललं” हे लिहा. तो रकाना रिकामा राहत असेल, तर तुम्ही नुसते आकडे गोळा करत आहात.

आणि तातडीच्या वेळेसाठी: सुरुंगाच्या, फुटलेल्या टायरच्या किंवा तशाच दणक्यानंतर कोणाला एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं, कानातून रक्त आलं, चक्कर आली किंवा शीळ थांबेना, तर “उद्या बरं वाटेल” म्हणून घरी पाठवू नका. कानात तेल, थेंब, पाणी काहीही घालू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. अचानक गेलेल्या श्रवणावर काही वेळा उपचार होऊ शकतात, पण ते पहिल्या काही दिवसांतच. सोबत त्याची जुनी चाचणी आणि त्या दिवशीच्या आवाजाची नोंद द्या.